मदत हवी आहे : आजीचं हसू कसं जपून ठेवू?

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आमची आजी गेली. घरात ती कुठे आहे हे शोधावं लागायचं नाही, हसण्यावरूनच कळायचं. पत्ते खेळताना आम्हा नातवंडांना सरळ सरळ फसवायची आणि पकडली गेली की डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची.

परवा कपाटात ६० मिनिटांची एक जुनी कॅसेट सापडली. आजी गोष्ट सांगतेय, मधेच पुढचं विसरते आणि स्वतःच हसत सुटते! दोन मिनिटं ऐकली, पण आवाज थरथरायला लागला म्हणून घाबरून बंद केली. चुकून तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून मागच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या खुट्ट्या तोडून ठेवल्यात.

ही टेप घरीच संगणकावर उतरवून घेऊ, की जाणकाराकडे देऊ? कुणी केलंय का? मला डब्ल्यूएव्ही फाइल हवी आहे, कारण एमपी३मध्ये आवाजाचा काही भाग गाळला जातो. तासाभराचे ६०० एमबीच्या आसपास होतील, होऊ देत.

आणखी एक. सगळ्यांकडून आठवणी गोळा करतेय, पण ‘आजीबद्दल लिहा’ म्हटलं की ‘फार प्रेमळ होती’ एवढंच येतं. खरंच आहे ते, पण त्यात आमची आजी दिसत नाही. काय विचारलं की माणसं नेमका प्रसंग सांगतात? आजोबांना तर मी अजून विचारूच शकलेले नाही. त्यांच्याशी हा विषय कसा काढू?