काठीच्या होळीला कॅमेऱ्याचा सराव करायला जावं का?

जळगावचा विद्यार्थी

आमच्या फोटो पत्रकारितेच्या वर्गात ठरतंय की यंदा होळीला सगळ्यांनी नंदुरबारच्या अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावाला जायचं. राजवाडी होळी, पहाटेचा जाळ, मोरपिसांचे टोप घातलेले बावा, म्हणजे नवसाने नाचणारे. कारण काय, तर "रात्रीच्या फोटोंचा सराव होईल". माझं मत स्पष्ट आहे. सरावासाठी काठीला जाऊ नये. सराव घरी करावा आणि हात बसला की मग तिथे जावं.

गेल्या वर्षी मी गेलो होतो. कॅमेरा घेऊन दोन महिने झाले होते, डायल ऑटोवर. होळी पेटायच्या आधीचा अंधार, कॅमेऱ्याला उजेड कमी पडला आणि फ्लॅश आपोआप वर आला. अंगभर पांढरे ठिपके रंगवलेला, कमरेला भोपळे बांधलेला एक बावा माझ्यापासून चार हातांवर नाचत होता. फ्लॅश थेट त्याच्या डोळ्यांत गेला. त्याचा ठेका चुकला, शेजारच्याचा खांदा धरून तो सावरला. तो माणूस नवसाचे दिवस पाळून तिथे आला होता आणि मला फ्लॅश बंद कसा करायचा एवढंही येत नव्हतं. फोटोत काय आलं? मागे काळी भिंत आणि पुढे पांढराफटक चेहरा.

त्यानंतर या हिवाळ्यात मी प्रत्येक भरीत पार्टीला कॅमेरा नेला. शेतात कापसाच्या काड्यांवर वांगी भाजतात, तो जाळ म्हणजे छोटी होळीच. तिथे कळलं की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर आजूबाजूचा अंधार बघून फोटो उजळवतो आणि ज्वाळेचा नुसता पांढरा डाग उरतो, म्हणून उजेड चेहऱ्यावर मोजायचा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाची छटा ठरवणारी सेटिंग, ऑटोवर असला की जाळाचा तांबूसपणा धुऊन निघतो, डेलाइटवर ठेवला की टिकतो. ५० एमएमची एफ १.८ लेन्स, आयएसओ (उजेड टिपायची क्षमता) ३२००, शटर १/१२५ सेकंद. शटर याहून मंद ठेवलं की वांगं उलटणाऱ्या काकांचा हात पुसट येतो. काकांचे शंभर फोटो बिघडले तरी कोणाचा नवस मोडत नाही.

नंदुरबारचा बातमीदार

भाऊ, मला हे अजिबात पटलं नाही. चौदा वर्षं जिल्ह्याच्या बातम्या आणि फोटो पाठवतोय. तुझे काका ओळखीचे, जाळ एका जागी, घाई कसलीच नाही. काठीला पाठीमागून रेटा येतो, ढोलापुढे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, धुराने डोळे भरतात, आणि जिथे उभा आहेस तिथून जाळ समोर येणार की आड जाणार हे तुलाच ओळखावं लागतं. हे शेतात बसून कसं येणार?

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत मी पॅनिंग शिकलो, म्हणजे पळत्या गोष्टीबरोबर कॅमेरा फिरवणं. शटर १/३०, पळत्या घोड्याबरोबर कंबरेतून वळायचं, आणि क्लिक झाल्यावरही वळणं थांबवायचं नाही. पहिल्या दिवशी शेकड्यांनी फोटो काढले, तीन धड आले. त्यासाठी घरी कोणाकडे घोडा आहे? फ्लॅशची चूक झाली, मान्य. पण ते एक बटण शिकायला पाच मिनिटं लागतात. तेवढ्यावरून पोरांना घरी बसवू नकोस. इथली मुलं गेली नाहीत तर काठीचे फोटो फक्त मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांचेच राहतील. एका रात्रीसाठी येऊन गेलेल्याला जे दिसेल, तेवढीच काठी मग लोकांना माहीत होणार.

रोलच्या काळातला

मी विद्यार्थ्याच्या बाजूने. आमच्या रोलला ३६ फोटो असायचे आणि धुऊन येईपर्यंत चूक कळायची नाही. त्यामुळे रिकामा कॅमेरा हातात घेऊन अंधारात फोकसची रिंग फिरवायची सवय केली होती, नजर समोरून हलायची नाही.

होमाई व्यारावाला आपल्या सीमेपलीकडच्या नवसारीच्या. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. रॉलिफ्लेक्स कॅमेऱ्याच्या एका रोलवर १२ फोटो मिळायचे त्या काळात त्यांनी काम केलं. १९७० साली त्यांनी कॅमेरा ठेवला तो ठेवलाच, आणि नव्या छायाचित्रकारांचं वागणं त्यांना बघवत नव्हतं हे त्यामागचं एक कारण होतं. नेहरूंपासून इतक्या मोठ्या माणसांचे फोटो काढलेली बाई वागण्यापायी काम सोडते, याचा विचार वर्गात जरूर करा.

शहाद्याहून

एवढं सगळं कशाला? मोबाइलच्या नाइट मोडमध्ये ऑटोवर सुंदर फोटो येतात.

जळगावचा विद्यार्थी

उभ्या माणसाचे येतात. नाइट मोड अनेक फ्रेम एकमेकींवर बसवतो, नाचणाऱ्याचे हात त्यात विरघळतात. करून पाहिलंय.

मिरचीवाली

मी नंदुरबारची, शिकते नाशिकला. मला दोघांचंही पटत नाही. गावाबाहेर मिरची वाळत घालतात त्या पथारीवर मी मोठ्या तयारीने गेले होते. लाल रंग भडक होऊन फुटू नये म्हणून एक्सपोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, दोन तृतीयांश स्टॉपने कमी, ऊन कलतं, सगळं जागच्या जागी. लाल गालिचा आणि त्यावर ओळीत बसलेल्या बाया. एका मावशीने विचारलं, "फोटू काढीसन काय करशी वं?" मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा न घेता गेले, तिसऱ्या दिवशी परत. मग दिसलं की देठ खुडणाऱ्या बाया डोळ्याला हात लागू देत नाहीत, पाणी पितानासुद्धा भांडं मनगटांमध्ये धरतात, कारण बोटांची आग होत असते. माझ्या लाल गालिच्याच्या चाळीस फोटोंत हे कुठेच नव्हतं. एक्सपोजर मात्र सगळ्यांत बरोबर होतं. तेव्हा भरीत पार्टीही नको आणि वर्षातून एकदाची होळीही नको. सायकलने जाता येईल अशी एक जागा धरा आणि तिथे दहादा जा.

अक्कलकुव्याची

मी काठीजवळच्या पाड्यावरची, सध्या धुळ्याला शिकते. इतका वेळ वाचतेय, म्हणून लिहिते.

विद्यार्थी दादा, तुमचा फ्लॅश कोणाच्या डोळ्यांत गेला असेल तर वाईट झालं. पण शिकाऊ माणसाने होळीला येऊ नये, हे आमच्याकडे कोणी म्हणणार नाही. आमची पोरं ढोल वाजवायला होळीतच शिकतात. मोठ्यांच्या मागे उभं राहतात, चुकतात, कोणी रागावत नाही. शिकणाऱ्याची आम्हाला अडचण नाही.

अडचण वेगळीच आहे आणि ती चांगले कॅमेरेवाले करतात. उजाडल्यावर थकलेल्या बावाला थांबवायचं आणि म्हणायचं, "जरा इकडे उन्हात या, परत नाचा." माझ्या मामाला असं तीनदा नाचवलं. मामाने पाहुणा म्हणून ऐकलं. हा फोटो होळीचा म्हणून छापला तर तो खोटा आहे. होळी संपली होती आणि तो माणूस घरी निघाला होता. तुमच्या वर्गात हे शिकवतात का? बातमीदार काका, इथले असोत की मुंबईचे, असं सांगणारे दोन्हीकडचे पाहिलेत मी.

नंदुरबारचा बातमीदार

ताई, खरं आहे. सुरुवातीच्या वर्षांत मीही एकदा असा फोटो घेतलाय, आणि तो छापूनही आला. परत केलं नाही.

पण विद्यार्थ्याला माझं तेच सांगणं आहे. पोरांना घेऊन ये, आदल्या दिवशीच ये. होळीत उभा करायचा बांबू येतो तेव्हापासून थांबा. दिवसभर दिसलेल्या माणसाचा रात्री फोटो काढताना पोरगं आपोआप चार पावलं मागे राहतं.

जळगावचा विद्यार्थी

आदल्या दिवशी येण्याचं पटलं. वर्गाला तसं सांगतो. पण फ्लॅश बंद करून जाळाच्या उजेडात दहा धड फोटो दाखवल्याशिवाय गाडीत कोणाला घेणार नाही, ही अट मी सोडत नाही. हंगाम सरत आलाय, तरी बामणोदची भरताची वांगी अजून मिळतायत. येत्या रविवारी आमच्या मळ्यात या.

अक्कलकुव्याच्या ताई, गेल्या वर्षीचे चार-पाच बरे फोटो आहेत माझ्याकडे. प्रिंट काढून आणले तर चालतील का? केवढे आणू?

अक्कलकुव्याची

पोस्टकार्डाएवढे आणा, कुडाला खोचता येतात. मागे ज्याचं त्याचं नाव लिहून आणा. नावं विचारली होती ना?

जळगावचा विद्यार्थी

नाही विचारली.

अक्कलकुव्याची

मग फोटो इथे टाकू नका, मला मेसेजमध्ये पाठवा. मामाला दाखवून विचारते.