विश्वासणाऱ्यांचाही न्याय होणार, तर मग तारण कशानं?

अभ्यासवर्ग_नगर
तरुणांच्या वर्गासाठी तयारी चालू आहे. इफिसकरांस २:८-९ प्रमाणे तारण कृपेनं, कर्मांनी नव्हे. योहान ५:२४ प्रमाणे विश्वास ठेवणाऱ्यावर न्यायाचा प्रसंग येत नाही. आणि २ करिंथकरांस ५:१० मध्ये आपण सगळेच ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर, बऱ्यावाईटाचं फळ घ्यायला! मुलं सरळ विचारतात, चित्रगुप्ताच्या वहीत आणि यात फरक काय? ‘तिथं फक्त बक्षिसं वाटतात’ हे ठरावीक उत्तर मला पटत नाही. वर्गाला कॅथलिक मुलंही येतात, तेव्हा ती बाजूही हवी.

पाया_आणि_पेंढा
दोन प्रश्न वेगळे ठेवा. हा माणूस कोणाचा, हा एक. त्यानं काय केलं, हा दुसरा. योहान ५:२४ आणि रोमकरांस ८:१ पहिल्याबद्दल बोलतात: दंडाज्ञा नाही, तो निकाल वधस्तंभावर लागला. २ करिंथकरांस ५:१० दुसऱ्याबद्दल. चित्रगुप्त बाकी काढतो आणि त्यावर पुढची गती ठरते. इथं गती ख्रिस्तामुळे आधी ठरते, वही नंतर उघडते.

मुख्य उतारा १ करिंथकरांस ३:१०-१५. पाया एकच, ख्रिस्त. त्यावर सोनं, रुपं, मोलवान दगड, नाहीतर लाकूड, गवत, पेंढा. अग्नी बांधकाम पारखतो. टिकलं तर मजुरी, जळलं तर तोटा. बांधणारा मात्र वाचतो, पण आगीतून निसटल्यासारखा. चूक होते ती दहाव्या वचनापासून वाचायला घेतल्यामुळे. पाचव्यापासून घ्या: पौलानं लावलं, अपुल्लोसानं पाणी घातलं. म्हणजे मुळात विषय मंडळी बांधणाऱ्या सेवकांचा आहे, प्रत्येकाच्या खासगी पापांच्या यादीचा नाही. आणि पंधराव्याला थांबूही नका. सतरावं वचन देवाचं मंदिर उद्ध्वस्त करणाऱ्याबद्दल आहे, आणि तिथं ‘तरी तो वाचेल’ असं काही म्हटलेलं नाही.

‘फक्त बक्षिसं’ ही कल्पना खेळांच्या चित्रावरून आली. करिंथजवळ इस्थमियन खेळ भरत, त्यामुळे प्रवचनांत न्यायासन म्हणजे विजेत्यांचा चौथरा असं रंगवलं जातं. पण करिंथच्या जुन्या बाजारचौकात एक दगडी चौथरा आजही आहे, आणि प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये पौलाला रोमी सुभेदार गल्लियोपुढे उभं केलं ते तिथंच, असं सहसा मानलं जातं. पिलात न्यायासनावर बसला (मत्तय २७:१९), फेस्तही (प्रेषित २५:६). ही खटल्याची जागा. शिवाय लगेच पुढचं वचन, ५:११, प्रभूच्या भयाबद्दल आहे. बक्षीस समारंभाला कोण घाबरतं?

वसईचा_कुपारी
कॅथलिक शिकवणीत न्याय दोनदा: मरणाच्या क्षणी व्यक्तिगत, जगाच्या अंती सार्वत्रिक. धर्मशिक्षणग्रंथातले परिच्छेद १०२१-२२ आणि १०३८ बघा. शुद्धिस्थान (मरणानंतर, स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होण्याची अवस्था) म्हणजे ‘दुसरी संधी’ नव्हे, हा गैरसमज आमच्याकडेही भरपूर आहे. परिच्छेद १०३० स्वच्छ सांगतो की तिथं असलेल्याचं तारण निश्चित आहे. उरते ती शुद्धी. वरचा ‘आगीतून’ उतारा आमच्याकडे याच संदर्भात वाचतात.

कर्मांनी तारण विकत घेता येतं, असंही आम्ही मानत नाही. लुथरच्या सुधारणेला उत्तर म्हणून भरलेल्या कॅथलिक ट्रेंट परिषदेच्या १५४७ च्या निर्णयात आहे की नीतिमान ठरण्याआधीचं काहीच, विश्वासही नाही आणि कर्मंही नाहीत, ती कृपा कमावत नाही. खरा फरक पुढे: गंभीर पापानं ती कृपा गमावता येते, आणि मग पापनिवेदन लागतं.

मुलं नोव्हेंबरमधल्या मृतांच्या स्मरणाबद्दल विचारतीलच. १ ते ८ तारखेत दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली तर पूर्ण इंडल्जन्स (क्षमा झालेल्या पापाची उरलेली शिक्षा माफ होणं) मिळतं, ते फक्त मृतांसाठी, दिवसाला एकच. मेणबत्ती लावून परतलं की झालं, असं नाही. अटी आहेत: पापनिवेदन, कम्युनियन, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, आणि कुठल्याही पापाची, अगदी बारीकसुद्धा, ओढ नसणं. ही शेवटची अट सगळ्यात जड. ती अपुरी राहिली तर इंडल्जन्स अंशतः धरतात.

पवित्र_पाचकळशी
वर ‘गती आधी ठरते’ म्हटलंय, त्यात एक मेख आहे. कॅल्विनवाद्यांच्या डॉर्ट सिनॉडच्या (१६१८-१९ ची धर्मसभा) वाटेनं जाणारे म्हणतात, खरा विश्वासी शेवटपर्यंत टिकतोच. वेस्लीच्या परंपरेतले मेथडिस्ट इब्री ६:४-६ दाखवून म्हणतात, माणूस सोडूनही जाऊ शकतो. १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट सगळे एकत्र आले, त्यामुळे एकाच बाकावर दोन्ही मतं सापडतील. पाळकांना आधी विचारून घ्या.

कॅथलिक-लुथरन भांडण मात्र १५४७ लाच थांबलंय असं शिकवू नका. ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये नीतिमान ठरण्याबद्दलच्या संयुक्त घोषणेवर सह्या झाल्या: स्वीकार कृपेनंच, कर्मं त्याचं फळ. शुद्धिस्थान आणि इंडल्जन्स यांवर तिनं तोडगा काढलेला नाही.

अभ्यासवर्ग_नगर
आभार. हातात एकच तास आहे. प्रकटीकरण २० पण घ्यावं का?

पाया_आणि_पेंढा
नको. तिथलं मृतांच्या न्यायाचं पांढरं राजासन आणि हे न्यायासन एकच की हजार वर्षांच्या अंतरानं वेगळी, यातच तास संपेल. वेगळी मानणारी मांडणी एकोणिसाव्या शतकातल्या डार्बी या प्रचारकापासून पसरली आणि १९०९ च्या, टीपा असलेल्या स्कोफील्ड बायबलनं घरोघर गेली. लुथरनांच्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाला किंवा प्रेस्बिटेरियनांच्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबाला ती ठाऊक नाही. दहा मिनिटं योहान ५:२४, पंचवीस मिनिटं १ करिंथकरांस ३:५-१७, पंधरा मिनिटं २ करिंथकरांस ५:९-११, बाकी प्रश्नांना. बक्षीस म्हणून शिकवल्या जाणाऱ्या पाच मुकुटांचा तक्ता फळ्यावर काढू नका. ती पाच वचनं पाच वेगळ्या ठिकाणची आहेत आणि मुलं लगेच ‘मला कुठला?’ यावर घसरतात. कोणी याकोब २:२४ (केवळ विश्वासानं नव्हे, कर्मांनी नीतिमान) काढलंच, तर १४ पासून वाचायला लावा. तिथला विश्वास उघड्या माणसाला ‘ऊब घ्या’ म्हणून वाटेला लावणारा आहे, आणि याकोब झोडतोय तो त्याला.