बॉनेट उघडत नाही म्हणून ते मॉडेल नाही?

स्प्रूकापू:
किटमधून प्लास्टिकच्या छोट्या गाड्या जोडणाऱ्या आपल्या या फोरमवर इंजिनभक्त यांनी काल निकालच देऊन टाकला: 'ज्या किटमध्ये इंजिन नाही ते पोकळ टरफल. बॉनेट उघडत नसेल तर त्याला मॉडेल म्हणू नका, शोपीस म्हणा.' दुर्लक्ष करणार होतो, पण खाली '+१' ची रांग बघून डोकं फिरलं.

साहेब, १/२४ च्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढ्या) जपानी किटांत इंजिन का नसतं, हे तरी कधी पाहिलंत? एके काळी त्यातली बरीच किटं मोटरवर पळायची. चॅसिसमध्ये मोटर आणि सेल कोंबले की इंजिनाला जागा उरते कुठे? काही जुन्या साच्यांत तर त्यापायी केबिनचा तळसुद्धा वर उचललेला असतो. अमेरिकन १/२५ चं घराणंच वेगळं. एएमटी कंपनीने १९५८ मध्ये थ्री-इन-वन किटं काढली: एकाच डब्यातून शोरूमची गाडी करा, कस्टम करा, नाहीतर शर्यतीची करा. हॉट रॉडवाल्यांना, म्हणजे जुन्या गाडीत दणकट इंजिन बसवणाऱ्यांना, इंजिन दिसलंच पाहिजे, म्हणून ते आलं. तुम्ही एका घराण्याची सवय सगळ्यांवर नियम म्हणून लादताय.

आता तुमचं ते उघडणारं बॉनेट. खऱ्या गाडीत बॉनेटभोवती चार मिमीची फट धरा. १/२४ मध्ये ती ०.१७ मिमी. बिजागरी लावून, कडांवर प्रायमर (रंगाखालचं अस्तर), रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) चढवून एवढी फट राखणारा माणूस मला अजून भेटायचाय. बहुतेकांच्या फटीत नख जातं. त्यापेक्षा बंद बॉनेट, स्क्रायबरने (टोकदार कोरणीने) खोल केलेली पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांमधल्या फटीची रेघ, आणि तीत सोडलेला पातळ गडद एनॅमल रंग. प्रमाण सांभाळलं तर ते मॉडेल, एवढं साधं आहे.

इंजिनभक्त:
नाव घेतलंत म्हणून लिहितोय. बिजागरी लावा असं मी कुठे म्हटलं? माझं बॉनेट सुटं असतं, उचलून बाजूला ठेवतो. फट तुमच्याइतकीच.

आणि प्रमाण मला शिकवू नका. आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाच्या डिस्ट्रिब्युटर कॅपमध्ये, म्हणजे प्लगना करंट वाटणाऱ्या टोपीत, नऊ भोकं पाडून बघा एकदा, आठ प्लगची आणि मधलं कॉइलचं. स्मॉल ब्लॉक शेव्हीचा (शेव्हरलेच्या छोट्या व्ही-८ चा) फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. कुणाचंही इंजिन समोर आलं की मी आधी तारा त्या क्रमाने लावल्यात का ते बघतो. खरी प्लग वायर सात-आठ मिमीची, म्हणजे १/२५ ला ०.३. लोक बिनधास्त अर्ध्या मिमीची ओढतात आणि इंजिनात बागेतला पाइप सोडल्यासारखं दिसतं. हे सगळं टाळायचं, झाकण चिकटवायचं आणि वर 'प्रमाण' म्हणायचं!

चकाकी:
दोघेही मिमीच्या शंभराव्या भागावरून भांडताय आणि रंगाबद्दल चकार शब्द नाही. खऱ्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन रंग असतो. चोविसाने भागा, आले ४ ते ६. आपण प्रायमरपासून क्लिअरपर्यंत सहज शंभर चढवतो. म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिमीचा लेप! मेटॅलिकचे कण तर विचारूच नका, खऱ्या गाडीचा टचअप रंग मॉडेलवर मारला की वाळू शिंपडल्यागत दिसतो. स्प्रूकापू, तुमची ती निळी पोर्श पाकात बुडवून काढल्यासारखी दिसते, बरं का. दाराच्या हँडलच्या कडा गायब आहेत. प्रमाणवाले म्हणे!

स्प्रूकापू:
ती टू-के क्लिअरची, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या क्लिअरची, चमक आहे. दोन हात मारले की काम फत्ते, पॉलिशची गरज नाही. लॅकर क्लिअरचे (हार्डनरशिवाय नुसतं वाळणाऱ्या) सहा हात मारा, २००० नंबरपासून पुढचे सँडपेपर पाण्यात घासत बसा, आणि शेवटी कडेवर रंग उडून खालचं प्लास्टिक दिसतं. माझ्या आवडत्या बॉडीची वाट अशीच लागली, तेव्हापासून टू-के.

मास्कवाला:
'दोन हात मारले की काम फत्ते' हे नवी पोरं वाचतात, जरा जपून लिहा. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कामावरून होणाऱ्या दम्याच्या मोठ्या कारणांत ते मोडतं. शरीराने एकदा ते धरलं की पुढे थोड्याशा फवाऱ्यानेही छाती भरते. वास येत नाही म्हणजे धोका नाही, असं नसतं. नाकाला कळण्याआधीच ते त्रासदायक पातळीला पोचलेलं असू शकतं. माझ्या मामेभावाने खोलीची खिडकी उघडून, साधा कापडी मास्क लावून हेच केलं. आता शेजारी कुणी गाडी रंगवत असलं तरी त्याला घर सोडावं लागतं. कशासाठी? एका खेळण्यातल्या बॉनेटवर ट्यूबलाइट दिसावी म्हणून?

स्प्रूकापू:
खेळणं कुणाला म्हणताय? मी कार्ट्रिजवाला (फिल्टरच्या डब्या असलेला) रेस्पिरेटर लावतो, फवारा बाहेर खेचणारा बूथ वापरतो. मामेभावाने हेल्मेट न घालता बाइक चालवली म्हणून मी बाइक सोडायची का?

मास्कवाला:
कार्ट्रिज कधी बदललीत? वास नाही, तर ती संपली हे कळणार कसं? कारखान्यांत हे काम बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावून करतात, तो आहे तुमच्याकडे? आणि बूथचा पाइप सोडलाय कुठे? जाऊ द्या. तुमची फुप्फुसं, तुमची पोर्श.

इंजिनभक्त:
मजा आहे. बॉनेटखाली काही नाही म्हणून सगळा जीव बॉनेटच्या चकाकीत! माझं इंजिन मॅट आणि सेमी-ग्लॉस रंगांत होतं, दम्याबिम्याचा प्रश्न नाही.

चकाकी:
हो, म्हणूनच तुमच्या बॉडीवर ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) असतो आणि फोटो कायम इंजिनाचेच येतात. :)

आणि मी टू-के बंद करा म्हणत नाहीये, जाडीबद्दल बोलतेय. लॅकरचे पातळ हात, मध्ये पुरेसं वाळणं, मग फक्त वर आलेले दाणे पेपरने घासायचे. कडांना पेपर लावायचाच नाही, तिथे आधी मास्किंग टेप. वेळ लागतो, पण दाराची फट दाराचीच राहते.

नवा_गडी:
मध्येच विचारतो, माफ करा. लाल प्लास्टिकची बॉडी आहे, गाडी पांढरी करायचीय. तीन हात झाले, तरी गुलाबीच दिसतेय. काय चुकतंय?

स्प्रूकापू:
मास्कवाला, टामिया या जपानी किट कंपनीने १/१२ पोर्श ९३४ साठी आख्खी ९११ विकत घेऊन सुटी केली होती. १९७६ चं किट. एवढा वेडेपणा करणाऱ्यांच्या छंदाला 'खेळणं' म्हणताना जीभ अडखळत नाही? कार्ट्रिजचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, मान्य. पुढची गाडी लॅकरमध्ये करून बघतो. वाट लागली तर चकाकीताईंना फोटो पाठवीन.

इंजिनभक्त:
बघा, पोर्श सुटी केली! म्हणजे टामियालाही आत काय आहे ते बघावंसं वाटलं. माझा मुद्दा सिद्ध. तरी एवढा आरडाओरडा चाललाच आहे, तर बंद बॉनेटवाल्यालाही मॉडेल म्हणा. कनिष्ठ श्रेणीतलं.

चकाकी:
नव्या गड्याला कुणी उत्तर देणार आहे का? लाल रंगद्रव्य लॅकरमधून वर झिरपतं, पांढऱ्याचे दहा हात मारलेत तरी गुलाबीच. रंग उतरवा, सिल्व्हरचा एक पातळ हात द्या, त्यावर पांढरा प्रायमर.

स्प्रूकापू:
उतरवायची गरज नाही, त्यावरच सिल्व्हर मारा.

चकाकी:
म्हणजे आणखी तीन थर? अडीच मिमीचे साडेतीन करा!

इंजिनभक्त:
नव्या गड्या, किटमध्ये इंजिन आहे का?