घरी येतं, तिथं का अडतं?

‘सोफ्यावर बसून मला सगळं येतं, हे लोक तिथं अडतात कसे?’ असं टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेतल्या स्पर्धकांबद्दल कुणीतरी विचारलंय. मी सांगलीचा, अशा एका कार्यक्रमात बसून आलोय. बारीक चौकड्यांचा शर्ट कॅमेऱ्यात लहरतो म्हणून आधी तो बदलायला लावला. मग चार पर्याय क्रमानं लावायची फेरी. एसी अंग गोठवत होता, तरी बोटं घामेजलेली. पँटला पुसेपर्यंत शेजारच्याचं उत्तर गेलंसुद्धा. विष्णुदास भाव्यांचं ‘सीता स्वयंवर’ नाटक सांगलीत १८४३ ला झालं, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल (आमच्याकडे पोराटोरांनाही येतं). पण समोर सेकंद पळत असले की माहीत असलेलंही खोटं वाटायला लागतं. अडणाऱ्याला अडाणी म्हणू नका हो. सराव करायचाच तर घड्याळ लावून, चार माणसांसमोर उभं राहून करा.