अभंगाच्या रेकॉर्डिंगला क्लिक हवा की नको?

लयवेडा: आमच्या भजनी मंडळातले लोक आता विखुरलेत. गायक आणि पखवाजी सांगलीत, पेटीवाले पुण्यात, टाळ दुबईत. सगळे घरून रेकॉर्ड करून पाठवतात, मिक्सिंग मी करतो. ट्रॅक एकमेकांवर बसत नाहीत, म्हणून यापुढे सगळ्यांनी क्लिकवरच, म्हणजे हेडफोनमधल्या मेट्रोनोमच्या टकटकीवरच वाजवावं असं मंडळात ठरू घातलंय. माझा ठाम विरोध आहे. अभंग ठाय, म्हणजे संथ लयीत सुरू होतो, भजनी ठेक्याच्या 8 मात्रा हळूहळू तापत जातात आणि गजराला लय चांगलीच चढलेली असते. गायन आणि पखवाज समोरासमोर बसून एका दमात घ्या, बाकीच्यांनी त्यावर वाजवा.

मात्रामोजणी: अजिबात पटलं नाही. क्लिक एकाच लयीचा असतो हे कुणी सांगितलं? टेम्पो मॅप करून, म्हणजे कुठे किती लय ते आखून, मिनिटाला 80 ठोक्यांवरून 120 पर्यंत चढवता येतो. आणि मधल्या आलापात ठेका थांबला की दुबईतल्या माणसाने सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, कुठून शोधायची? तो अंदाजाने टाळ मारणार आणि तुम्ही रात्रभर एकेक ठोका सरकवत बसणार.

लयवेडा: चढ आधीच आकड्यांत बांधली तर गायकाला एखादी ओळ रंगली म्हणून परत घ्यायची सोयच राहत नाही. शिवाय हेडफोनमधला क्लिक गायकाच्या माइकमध्ये झिरपतो. नेमक्या शांत आलापात तो टिकटिकतो, आणि काढायला गेलं की आवाजाची धार जाते.

खर्ज: भांडण क्लिकवरून चाललंय, पण दुखणं दुसरीकडे असू शकतं. सुरुवात जुळते आणि पुढे फरक सारख्या गतीने वाढत जातो का, ते आधी बघा. तसं असेल तर वादकाचा दोष नाही. मोबाइलवर गाणं ऐकायचं आणि दुसऱ्याच रेकॉर्डरवर वाजवायचं, यात दोन यंत्रांची घड्याळं वेगळी पडतात. दहा लाखांत 50 चा फरक असला तरी मिनिटाला 3 मिलिसेकंद, म्हणजे 6 मिनिटांच्या अभंगात 18. पेटीत ते खपून जाईल, पण टाळ आणि थाप फुटलेली कळते. ज्या यंत्रावर ऐकता त्यावरच रेकॉर्ड करा, हेडफोन वायरचाच घ्या. मूळ ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी टकटक ठेवा आणि ती वाजताना हेडफोन माइकजवळ धरा; मग दोन्ही टोकं जुळवता येतात. आणि सगळ्यांचा सॅम्पल रेट, म्हणजे आवाजाचे सेकंदाला घेतलेले नमुने, 48 हजार (48 kHz) ठेवा. 44.1 ची फाइल न बदलता 48 वर वाजली तर गाणं 9 टक्के पळतं आणि पेटीवरची काळी एकची पट्टी पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध लटकते.

मात्रामोजणी: घड्याळाचं मान्य. तरी क्लिक लागतोच. गायकाला देऊ नका, चालेल. पखवाजाच्या थापांवरून टेम्पो मॅप काढा आणि त्याचा क्लिक फक्त टाळ-पेटीवाल्यांना द्या.

लयवेडा: आलापापुरता देईन. पूर्ण अभंगभर नाही. कानात टकटक असली की टाळकरी पखवाज ऐकायचंच सोडतो. समेआधी पखवाजी तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, किंचित रोखून धरतो, तिथे टाळाने त्याच्यासोबत थांबायला हवं.