सहा महिन्यांचं माकडाचं पिल्लू आईपासून काढावं का?

रानवेडी: प्रयोगशाळांसाठी माकडं वाढवणाऱ्या अनेक केंद्रांत सहाव्या महिन्याच्या सुमारास पिल्लू आईपासून काढतात. पिल्लू अंगावर पितं तोवर प्रोलॅक्टिन हे दुधाचं संप्रेरक चढं राहतं आणि मादी माजावर येत नाही. दूध तोडलं की लवकर गाभण राहते. युरोपच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचना मॅकाकसाठी (प्रयोगशाळांत वापरली जाणारी, आपल्या लाल तोंडाच्या माकडाच्या गटातली माकडं) किमान ८ आणि शक्यतो १२ महिने सांगतात. माझ्या मते १२ च्या आत हात लावूच नये. कळपातलं पिल्लू फळं खायला लागलं तरी भ्यालं की आईच्या पोटाला बिलगतं. ती हाताने त्याचं डोकं बाजूला सारते, ते किंचाळतं, परत येऊन स्तन तोंडात धरतं. दूध असं हळूहळू सुटतं.

पशुवैद्य_कोल्हापूर: आईकडेही बघा. एक अंगावर, एक पोटात, अशी मादी वाळते. शिवाय बी-विषाणू, मॅकाकमधला हर्पीस गटातला विषाणू! मॅकाकला त्याने फारसं काही होत नाही, माणूस मात्र दगावू शकतो. विषाणूमुक्त कळप उभारायचा तर पिल्लू लागण होण्याआधीच वेगळं करावं लागतं. पिंजरे धुणाऱ्याच्या जिवाचं काय?

मुक्ता_ठाणे: अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लोच्या माकडांवरच्या प्रयोगांत आईविना वाढलेल्या कित्येक माद्यांनी स्वतःचं पहिलं पिल्लू जवळही घेतलं नाही, काहींनी तर त्याला इजा केली. पिल्लांची घाई करून उद्याच्या आया बिघडवणार का?

पशुवैद्य_कोल्हापूर: ती पिल्लं जन्मल्याबरोबर काढलेली होती. सहा महिने आईजवळ राहून नंतर सवंगड्यांत गेलेल्यांना तो निष्कर्ष चिकटवू नका.

रानवेडी: हा फरक मान्य. पण बाहेरच्या आवारातल्या ऱ्हीससचा (लाल तोंडाच्या मॅकाकचा) हंगाम ठरलेला असतो: पावसाळा सरल्यावर मीलन, साडेपाच महिन्यांनी वीण. पोर्तो रिकोजवळच्या कायो सान्तियागो बेटावर १९३८ मध्ये भारतातून नेलेल्या माकडांचे वंशज आहेत. तिथे दूध तोडायला कुणी जात नाही, तरी बऱ्याच माद्या दरवर्षी वितात. मग घाईने मिळतं काय? लांब शेपटीचे मॅकाक बारमाही वितात, तिथे दोन वेतांतलं अंतर खरंच घटतं. म्हणून मोह तिथे जास्त. आणि विषाणूमुक्त कळप एकदा उभा राहिला की आयाच निरोगी असतात. त्यांची पिल्लं लवकर का काढायची?

पशुवैद्य_कोल्हापूर: त्या कळपात नको, पटलं. पण वजन घटत चाललेल्या मादीचं पिल्लू मी आठव्या महिन्यात काढेन.

मुक्ता_ठाणे: त्याआधी तिचा खुराक वाढवा आणि नर काही महिने वेगळा ठेवा. एक वेत उशिरा झालं तर चालेल.