लुटून गेले नाहीत, राहिले
कोणीतरी म्हटलंय की व्हायकिंग (स्कँडिनेव्हियातले जुने दर्यावर्दी) आले, लुटून गेले, पण स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी आणि शेटलंड बेटांना हे अजिबात लागू नाही हो, तिथे ते शेती करत पिढ्यान्‌पिढ्या राहिले आणि त्यांची नॉर्न भाषा पार अठराव्या शतकापर्यंत टिकली. १४६८-६९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाकडे मुलीच्या हुंड्याला पैसे कमी पडले म्हणून ही बेटं स्कॉटलंडकडे चक्क गहाण टाकली, ती सुटलीच नाहीत!

मला सगळ्यात भिडतं ते ऑर्कनीतलं मेसहाउ. जवळपास ५००० वर्षं जुनं दगडी थडगं, त्यात बाराव्या शतकात नॉर्स (व्हायकिंगांच्या वंशातले) लोक शिरले आणि भिंतीवर त्यांच्या जुन्या रून लिपीत नावं कोरून गेले, एकाने तर इंगिगर्थ ही बायकांमध्ये सगळ्यात सुंदर असं लिहिलंय. ती अक्षरं आजही वाचता येतात.